दुखण्याचा माड

या, जरा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. आज तुम्हाला एका माडाची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या माडावरून घातलेल्या एका हाळीची. हाळी मोठ्यानं होती, बाकीची गोष्ट हळू आवाजातली आहे. ऐकून झाली की मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागणार आहे, आणि ती अवघड नाही.

शनिवारची दुपार होती. नंदाखालच्या वाडीत दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेची, चर्चमधल्या स्मरणप्रार्थनेची, तयारी चालली होती. गॉडफ्रेची पुण्यतिथी. त्याची बायको सालोमी सकाळच्या प्रार्थनेहून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली; तळायच्या फुग्यांचं पीठ रात्रीच आंबायला ठेवलं होतं. मुलगा एरॉल आणि सून जेनिफर बोळिंजहून आले होते. गॉडफ्रेचा धाकटा भाऊ व्हॅलेरियन ओट्यावर बसून केळीची पानं ओल्या फडक्यानं पुसत होता, आणि विहिरीजवळच्या माडाखाली माड चढणारा जयराम आपला दोर तपासत होता. मध्ये दोन दिवस ऊन पडलं होतं, तरी माडाचं खोड अजून काळं, ओलं दिसत होतं.

"काका," एरॉल म्हणाला, "मम्मीच्या मेडिक्लेम पॉलिसीची पावती द्या ना. मला इन्कम टॅक्सला लागते."

"पावती नाही."

"नाही म्हणजे? हरवली?"

"हप्ता भरला असता तर पावती असती." व्हॅलेरियननं पान उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूनं पुसू लागला.

एरॉलचा चेहरा बघून जेनिफर जिन्याजवळच थांबली. "काका, कालचा शेवटचा दिवस होता ना?"

"माहीत आहे. म्हणूनच नाही भरला. सोमवारपासून त्याच्यावरचा कर जातोय. यानंच तर सांगितलं, गणपतीच्या दिवसांत, इथेच बसून. एवढी वर्षं आपण हप्त्याबरोबर सरकारचा वाटा भरत आलो. नाइलाज होता. आता दोन-तीन दिवसांवर सुटका आली असताना मी माडाच्या पैशातून वाटा काढून द्यायचा? माझ्या हातून ते होणार नाही."

आता माडाचं सांगतो, म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट कळेल.

विहिरीजवळचा हा माड वाडीतला सगळ्यात उंच. त्याला दुखण्याचा माड म्हणतात. त्याचा नारळ घरच्या कालवणात पडत नाही. आपोआप गळून पडला तरी कोणी उचलून घरात नेत नाही, माडाच्या बुंध्याशी ठेवतो. त्याच्या नारळांचे जे पैसे येतात ते आळीतल्या आजारी माणसाचे. आणि ही रीत वाडीच्या मालकानं घातलेली नाही. जयरामचा आजा शत्रुघ्न या वाडीचे माड चढायचा. माडामागे दोन नारळ, ही त्याची मजुरी. एका साली व्हॅलेरियनचा बाप लहान असताना विषमज्वरानं पडला. त्याला मुंबईला न्यायचं म्हणून अवेळी या माडाचे नारळ पाडायला घेतले. शत्रुघ्न वर चढला, आणि वरूनच त्यानं शेजारच्या वाड्यांना हाळी घातली: दुखणं आलंय, एक माड काढा. ज्यानं ऐकलं त्यानं आपल्या एका माडाचे नारळ पाडून दिले. शत्रुघ्न खाली उतरला, ढिगाकडे बघितलं आणि रिकाम्या हातानं घरी निघाला. दोन नारळ घे म्हटलं तर म्हणाला, "दुखण्याच्या ढिगातला वाटा मी कसा उचलू?"

पुढे घरोघरी पॉलिसी आल्या. जो तो आपापलं बघू लागला आणि हाळी बंद पडली. पण माड राहिला. गॉडफ्रे गेला, मग सालोमीच्या हृदयात स्टेंट बसवली, तेव्हापासून माडाचे पैसे तिच्या हप्त्यात जात होते. एका माडानं असा कितीसा हप्ता निघणार? बाकीचे एरॉल घालायचा. पण भरायचे व्हॅलेरियनच्या हातून. आणि व्हॅलेरियनचा हिशेब असा, की आशीर्वादाचं पाणी विहिरीत ओतलं की सगळी विहीर आशीर्वादाची होते.

"काका, कर म्हणजे जयरामकाकांचे दोन नारळ नाहीत," एरॉल म्हणाला.

"तेच आहेत. फरक एवढाच, की शत्रुघ्न घाम गाळून वर चढायचा."

माडाखाली जयराम हसला. एरॉलला मात्र ते लागलं. दिवसभर लोकांची जीएसटीची रिटर्न भरणारा माणूस तो. बोळिंजच्या त्याच्या ऑफिसात हा वाद रोज रंगायचा. "मग ऐका. कर गेला म्हणून सगळं गोड होत नाही. कंपनीला तिच्या खर्चावर भरलेला कर आता वळता करून मिळणार नाही. उद्या ती हप्ताच वाढवेल, मग कोणाला धरणार? आणि दुसरं सांगतो. ज्याच्याकडे मोठी पॉलिसी त्याची सूट मोठी. जयरामकाकांच्या घरी, जिजाकाकूकडे, पॉलिसीच नाही. ती खोकला दाखवायला कुठे जाते? आगाशीला, सरकारी दवाखान्यात. तो कशावर चालतो?"

"कर घेऊ नका म्हणतोय कोण?" व्हॅलेरियननं फडकं आपटलं. "माझ्या पेल्यावर घ्या. लग्नातल्या बँडवर घ्या. तुझ्या त्या गाडीवर डबल घ्या! पण माणसानं उद्याच्या दुखण्यासाठी आज बाजूला काढून ठेवलेलं असतं, त्यात हात घालू नका. जे शत्रुघ्नाला सोडवलं ते सरकारला सोडवत नव्हतं?"

"आणि मला इन्कम टॅक्समध्ये मम्मीच्या हप्त्याची वजावट मिळते, ते चालतं तुम्हाला? तो वाटा उलटा माझ्या खिशात येतो. जयरामकाकांना काय मिळतं?"

व्हॅलेरियननं पुसलेलंच पान पुन्हा पुसायला घेतलं.

"तुमचं झालं असेल तर मी बोलू?" जेनिफर म्हणाली. वॉर्डात नाइट ड्यूटी करणाऱ्या बाईचा आवाज तिच्याकडे होता. न चढवता सगळ्यांना गप्प करणारा. "काकांचंही बरोबर असेल, तुझंही असेल. पण मम्मी काल रात्रीपासून विम्यावाचून उघड्यावर आहे. हप्ता आता भरला तर आतापासून पुढचं मिळेल. सोमवारी भरला तर सोमवारपासून. मधल्या दिवसांत काही झालं तर कंपनी हात वर करणार. कराची चर्चा वर्षभर करा ना! आज आधी भरा."

"भरतो ना," एरॉल म्हणाला आणि त्यानं फोन काढला.

"माडाच्या पैशातून वाटा द्यायचा नाही," व्हॅलेरियन म्हणाला.

"माझ्या पैशातून देतो."

"तू मिसळलेस, तेव्हाच ते माडाचे झाले."

एरॉलचा अंगठा फोनवर तसाच राहिला. बायकोसमोर त्यानं कबूल केलं नसतं, पण काकाचा हट्ट त्याला आतून थोडा सोयीचा वाटत होता. ज्येष्ठांचा हप्ता, त्याच्यावरचा कर काही चिल्लर नव्हे. मम्मी चांगली हिंडतेफिरतेय. उद्याचा रविवार गेला की झालं. त्यानं फोन ओट्यावर पालथा ठेवला. "चहा घेतो नि मग बघतो."

जेनिफरनं त्या पालथ्या फोनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि चहा टाकायला आत गेली.

आत सालोमीनं प्रत्येक शब्द ऐकला होता.

सकाळी देवळात, गुडघे टेकून उठताना तिच्या डाव्या जबड्यात कळ आली होती. दातच असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. घरी येईपर्यंत कळ खांद्यात उतरली. तेव्हा ती म्हणाली, पीठ मळून भरून आला असेल. दुपारी छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं तेव्हा मात्र तिला कळलं, कारण स्टेंट घालण्याआधी ते असंच होतं. हाक मारायला ती वळली, आणि तेवढ्यात बाहेरून जेनिफरचं वाक्य आलं: मधल्या दिवसांत काही झालं तर कंपनी हात वर करणार.

सालोमी पुन्हा कढईकडे वळली.

'मारिया माते,' ती मनात म्हणाली, 'मला बरं कर असं नाही मागत. मला फक्त सोमवारपर्यंत ने.' तेलात फुगे टम्म होऊन वर येत होते. ती एकेकाला झाऱ्यानं उलटत होती, आणि प्रत्येकाबरोबर एक नमो मारिया म्हणत होती. पोराचं घर बोळिंजला, त्याचे हप्ते, नातीचं शिक्षण. आपल्या छातीनं दोन दिवस कळ काढली तर सगळं वाचेल. आयुष्यभर एवढं काढलं, दोन दिवस काय?

जेनिफर चहाचं पातेलं घ्यायला वाकली आणि थांबली. ताटात एक फुगा एका अंगानं काळाठिक्कर पडलेला होता.

या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं सासूच्या हातचा जळलेला फुगा पाहिला नव्हता. नंदाखालमध्ये कोणीच पाहिला नव्हता. लग्न असो, बारसं असो, सालोमीच्या कढईतून निघायचा तो सोन्याचाच रंग. जेनिफरनं मान वर केली. सासूच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते, आणि डावा हात जबड्याला होता.

"मम्मी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी नको, मम्मी. मी हे रोज बघते."

सालोमीनं झारा खाली ठेवला. "सोमवारी जाऊ या ना गं," ती लहान मुलीसारखी म्हणाली. "सोमवारी मी आपणहून येईन. आज यांना नको सांगूस."

जेनिफरला वाटलं रडावं, आणि तिनं गॅस बंद केला. "एरॉल! गाडी काढ!"

पुढचं सगळं भराभर झालं. जेनिफरनं सासूच्या जिभेखाली गोळी ठेवली, तिला गाडीत आडवं केलं. एरॉलच्या हातातून किल्ली दोनदा पडली. गाडीत बसताबसता त्यानं फोन उचलला. "थांबा, आधी भरून टाकतो. ॲडमिट करायच्या आत भरला तर..."

"एरॉल," मागून सालोमीचा आवाज आला, अगदी बारीक. "दुखणं सकाळपासून आहे. खोटं नको, बाळा. तुझ्या पप्पांच्या मिस्सेच्या तोंडावर नको."

एरॉलनं फोन खिशात टाकला आणि गाडी आगाशीच्या रस्त्याला लागली.

ओट्यावर व्हॅलेरियन एकटा उरला. समोर पुसलेली केळीची पानं रचून ठेवली होती, एकावर एक, नीट.

"जयराम," तो म्हणाला, "मी त्या माडाचं राखायला गेलो, आणि माणूसच घालवून बसलो रे."

जयराम कमी बोलणारा माणूस. त्यानं पायांना दोर घातला, माडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढू लागला.

"ओला आहे! उतर खाली! आता काय उपयोग आहे त्याचा?"

जयराम चढत राहिला. वर झावळ्यांत पोचला, एका हातानं झाप धरली, आणि छातीभरून हवा घेतली.

"दुखनं आलंय हो! सालोमीबायला दुखनं आलंय! एक माड काढा होऽऽ!"

व्हॅलेरियनच्या अंगावर काटा आला. ही हाळी त्यानं स्वतः लहानपणी एकदाच ऐकली होती. जयरामनं तर ती कधी घातलीही नव्हती. आज्याच्या तोंडून ऐकलेली, तेवढीच. हाळी वाडीवरून गेली आणि विरली. लांब कुठेतरी एक रिक्षा फटफटत गेली. पलीकडच्या नव्या बिल्डिंगीत ग्राइंडरचा आवाज येत होता. कोण ऐकणार आता? ज्यांना अर्थ माहीत होता ते सगळे देवळामागच्या जागेत झोपलेले.

जयरामनं पुन्हा हाळी दिली.

आणि मग पश्चिमेकडून, म्हाताऱ्या ॲलिस्टरच्या वाडीतून, एक पिकलेला, फाटका आवाज आला: "ऐकलंऽऽ!"

ॲलिस्टर अंथरुणाला खिळून होता. त्यानं खिडकीतून दिला होता तो आवाज.

त्याच्यामागून एका बाईचा. मग विहिरीपलीकडून आणखी एक. "ऐकलं हो! ऐकलं!" आवाज एका वाडीतून पुढच्या वाडीत गेला, तिथून पुढे, प्रत्येक वेळी लांब होत, बारीक होत, पण न तुटता. नव्या बिल्डिंगीच्या स्लॅबवरच्या मजुराला मराठी येत नव्हती. त्यानं ग्राइंडर बंद केला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ऐकलेला शब्द जसाच्या तसा, अर्थ न कळता, पलीकडे ओरडून दिला. व्हॅलेरियन उभा राहिला होता. कधी उभा राहिला ते त्याला कळलं नाही. डोक्यावरची टोपी त्यानं काढून हातात घेतली, देवळात काढतात तशी. आवाज आगाशीच्या रस्त्यापर्यंत गेला, आणि त्याच रस्त्यानं गाडी गेली होती.

गाडीत जेनिफरचं बोट सासूच्या नाडीवर होतं. उघड्या काचेतून बाजूच्या वाडीतला ओरडा आत आला. "काय ओरडतायत हे?" ती म्हणाली.

सालोमीनं डोळे उघडले. लग्न होऊन आली त्या वर्षी सासऱ्यांनी सांगितलेली गोष्ट तिला आठवली. "माझं दुखणं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहिलं. "माझं दुखणं वाटून घेतायत."

तुम्ही विचाराल, मग त्या नारळांत हॉस्पिटलचं बिल फिटलं का? नाही हो. कसं फिटेल? आत गेलेल्या दुसऱ्या स्टेंटपायी एरॉलला फिक्स्ड डिपॉझिट मोडावं लागलं, आणि त्याची झळ त्याला पुष्कळ दिवस लागत राहिली. पण सालोमी वाचली. थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. आणि रविवारी संध्याकाळी व्हॅलेरियन भेटायला गेला, आणि खाटेपाशी स्टूल ओढून बसला.

"वहिनी, माडाखाली ढीग झालाय," तो म्हणाला. "काल रात्री लोक येत होते, आज मिस्सेनंतर येत होते. कोणी काही विचारत नाही. ठेवतात नि जातात. बिल्डिंगीतल्यांकडे माड कुठले? त्यांनी बाजारातून विकत आणून ठेवलेत. तो मजूरसुद्धा एक घेऊन आला. आणि वहिनी, पाडणाऱ्यांपैकी एकानंही आपले दोन नारळ घेतले नाहीत. कोणी सांगितलं होतं त्यांना?"

"भावजी, तुम्ही थकलेले दिसताय."

"मला माफ कर, सालोमी." त्यानं तिला नावानं हाक मारली, ती या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"कशाबद्दल? तुम्ही हप्ता थांबवलात. मी दुखणं लपवलं. एरॉलनं फोन पालथा घातला." कोपऱ्यात एरॉलनं चमकून वर बघितलं. "हो, मी खिडकीतून बघितलं. तिघांनीही त्या वाट्याचाच विचार केला. माणसाचा विचार एकट्या जेनिफरनं केला."

जेनिफर सलाइनची नळी सरळ करत होती. तिची मान खाली गेली.

सोमवारी सकाळी व्हॅलेरियन स्वतः एरॉलच्या ऑफिसात जाऊन बसला आणि हप्ता भरून घेतला. पावती छापून आली. कराच्या जागी शून्य होतं. म्हाताऱ्यानं कागद उजेडात धरला, पुन्हा वाचला. "म्हणजे सरकारसुद्धा माडाखालून रिकाम्या हातानं गेलं," तो पुटपुटला. एवढा मोठा देश, एवढं मोठं सरकार, आणि कोट्यवधी अनोळखी माणसं एकमेकांच्या दुखण्यासाठी आपापला माड बाजूला काढत बसलेली, जी एकमेकांना कधी बघणारही नाहीत. हप्ता म्हणजे हेच की! इतकी वर्षं तो भरत होता, आणि हे त्याला दिसलंच नव्हतं.

ती पावती त्यानं सालोमीला नेऊन दाखवली. तिनं चष्मा मागितला, नीट बघितलं. "कर सुटला, चांगलं झालं. पण एरॉल म्हणत होता तेही खरं आहे. दवाखाना कशावर चालणार? भावजी, सुटलेला वाटा आपला नव्हे. शत्रुघ्नानं सोडला तो कुठे ठेवला? ढिगावर. आपणही तिथेच ठेवू. जिजाचा खोकला वर्षभर आहे. तिच्या छातीचा फोटो काढा, मोठ्या डॉक्टरला दाखवा. आणि माड आता माझ्या नावावर नको, आळीच्या नावावर राहू दे, होता तसा."

"आणि माझी इन्कम टॅक्सची वजावट?" एरॉलनं विचारलं. चेष्टेत विचारायला गेला, पण आवाज चेष्टेचा निघाला नाही.

"ते मला काय कळतंय," सालोमी म्हणाली आणि दुखणं आल्यापासून पहिल्यांदा हसली. "तुझ्या मनाला विचार. सीए तू आहेस की मी?"

त्या दिवशी जयरामच्या घरी घट बसले होते. व्हॅलेरियन संध्याकाळी तिथे गेला आणि दारातच थांबून म्हणाला, "जिजा, उद्या तयार राहा, डॉक्टरकडे जायचंय." जयराम नको नको म्हणू लागला. तेव्हा व्हॅलेरियन म्हणाला, "मी देत नाहीये रे. तुझ्या आज्यानं ठेवलेलं परत आणलंय." आतून जिजा खोकली, आणि मग म्हणाली, "चहा घेऊन जा दादा, पानी ठेवलंय."

आता माझं मागणं.

त्या शत्रुघ्नाचा फोटो कुठे नाही. त्याच्या नावाची पाटी नाही, कुठल्या मिस्सेत त्याचं नाव वाचलं जात नाही. दुखण्यासाठी ठेवलेल्यातून वाटा घ्यावा की न घ्यावा, यावर मोठमोठ्या सभांमध्ये वर्षानुवर्षं बोलणं झालं. तो गडी माडावरून उतरता उतरता ठरवून मोकळा झाला होता, आणि घरी जाऊन उपाशी झोपला असेल, तर तेही कोणाला माहीत नाही. म्हणून म्हणतो, उद्या घरात नारळ फोडाल, पहिलं पाणी वाटीत पडेल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्याची आठवण काढा. ढिगाकडे बघून रिकाम्या हातानं घरी गेलेल्या शत्रुघ्नाची.